बिऱ्हाड कुठे मांडावं?

काकू, सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरीची. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून एम.एफ.एससी. झाले, कोळंबीच्या रोगांवर काम केलं. आता पीएच.डी.साठी दोन ठिकाणांहून होकार आलाय: तैवानमधलं कीलुंग आणि चीनमधलं शियामेन. नवऱ्याच्या कंपनीचं ऑफिस सिंगापूरला आहे, तो तिकडे बदली मागू शकतो. तसं झालं तर मीही तिथेच काहीतरी बघीन. मुलगी चार वर्षांची आहे. मी मासे खाते, नवरा पूर्ण शाकाहारी. घरात सगळे म्हणतात, "तिन्हीकडे चिनीच, कुठेही गेलीस तरी सारखंच." मला झोप लागत नाही. पुण्यात दोन वर्षं होते तेव्हाही घरच्या आठवणीने रडू यायचं. कल्चर शॉक म्हणतात तो नेमका कसा असतो? आणि आम्ही कुठे जावं?

— एक वाचक, रत्नागिरी

मुली,

"सारखंच" हा शब्द आधी पाटीवरून पुसून टाक. सावंतवाडीचा माणूस अलिबागच्या आगरी घरात नेऊन बसवला तर पहिले चार दिवस त्याला निम्मं बोलणं कळत नाही, आणि ही तर एकाच किनाऱ्याची दोन टोकं. तू माशांची अभ्यासक, म्हणून तुझ्याच कामाचं अक्षर सांगते. 'मासा' या जुन्या चिनी अक्षराच्या पायाशी चार ठिपके असतात. चीनने १९५६ पासून लिपी सोपी करायला घेतली, तेव्हा त्या चार ठिपक्यांच्या जागी एक आडवी रेघ आली. शियामेनच्या आणि सिंगापूरच्या पाटीवर तुला ती रेघ दिसेल, कीलुंगच्या बाजारात चार ठिपके. एकदा एक लिपी डोळ्यांत बसली की दुसरी वाचताना अडखळायला होतं. मी दोन्हींतून गेले आहे, म्हणून सांगते.

आम्ही १९९६ च्या जूनमध्ये तैवानच्या दक्षिणेला काओश्युंगला गेलो. आमचे हे बंदरातल्या क्रेनच्या देखभालीच्या कामावर होते. त्याच वर्षी मार्चमध्ये चीनने तैवानच्या दोन बंदरांसमोर समुद्रात क्षेपणास्त्रं डागली होती, एक कीलुंग आणि दुसरं काओश्युंग. गुहागरला माझ्या आईने ते रेडिओवर ऐकलं होतं. तिने मला निरोप देताना ओटी भरली आणि एक शब्दही बोलली नाही. ही धास्ती आजही तिथे आहेच, ती मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण मी तिथे पाच वर्षं राहिले आणि रोजच्या जगण्यात मला रडवलं ते क्षेपणास्त्रांनी नव्हे.

मी निघण्याआधी पुण्यात कॅसेट लावून सहा महिने मँडरिन, म्हणजे शाळा-कचेरीत चालणारी चिनी भाषा, शिकले होते. शेजारी एक आजी राहायच्या. सगळे त्यांना आमा म्हणत, म्हणजे तिथल्या बोलीत आजीच. पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी घोकून ठेवलेलं वाक्य बोलले, तर त्या नुसत्या बघत राहिल्या. तैवानवर १८९५ ते १९४५ जपानचं राज्य होतं. आमा त्या काळात शाळेत गेलेल्या, त्यांना जपानी येई आणि घरची होक्कियेन बोली येई. मँडरिन त्यांनाही परकीच. सहा महिने घासलेली भाषा माझ्या दारासमोरच्या माणसाला कळत नव्हती.

मग मुलीला ताप आला. ती तेव्हा तीन वर्षांची. दवाखान्यातून औषधाच्या पुड्या दिल्या. आपल्याकडे जुने डॉक्टर द्यायचे तशाच, एकेका वेळच्या वेगळ्या बांधलेल्या. वर छापलेलं काहीच वाचता येईना. हे बंदरावर, रात्रपाळीला. मी बी.ए. झालेली बाई, हातात औषध आणि ते कधी द्यायचं ते कळत नाही. मी आमांचं दार ठोठावलं. त्यांनी पुडी वाचली आणि अंगठा व करंगळी ताठ करून, मधली तीन बोटं मिटून माझ्यासमोर हात धरला. मला वाटलं, फोन कर म्हणतायत. त्यांनी पुन्हा तोच हात दाखवला. शेवटी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा स्वतःच्या बोटाने फिरवून दाखवला, तेव्हा उमगलं. तिकडे एका हाताच्या बोटांवर दहापर्यंत मोजतात आणि अंगठा-करंगळी म्हणजे सहा. दर सहा तासांनी.

तू विचारतेस ना, कल्चर शॉक कसा असतो? तो हा असा असतो. बेडूक, कोंबडीचे पाय, सडवलेला टोफू यांची मनाची तयारी करून आपण जातो, त्यामुळे त्यांचा धक्का फारसा बसत नाही. आपण शिकलेली, घर चालवणारी बाई, आणि एका दिवसात निरक्षर होतो. पाटी वाचता येत नाही, मीठ कुठलं आणि अजिनोमोटो कुठलं ते कळत नाही, बिल आलं ते विजेचं की पाण्याचं हे दुसऱ्याला विचारावं लागतं. बोलताना सूर चुकला तर अर्थ उलटतो. 'माय' हाच शब्द खाली वाकवून वर नेला तर विकत घेणं, वरून खाली टाकला तर विकणं. मी कोळणीसमोर उभी राहून कित्येक दिवस "मी मासे विकते" म्हणत होते. ती बाई रोज तेवढ्याच शांतपणे मला दुरुस्त करायची. तिचा मला आजही जीव लागून आहे.

पहिल्या वर्षीच्या गणपतीचं सांगते, कारण तुलाही हे भोगावं लागेल. बाजारातून तांदळाचं पीठ आणलं. शहाळी हवी तेवढी होती, पण खवायला पिकलेला नारळ शोधताना दमछाक झाली. उकड काढली, मोदक वळले, आणि वाफवताना ते एकमेकांत विरघळून चिकट लगदा झाला. पीठ चिकट तांदळाचं होतं. पिशव्या दोन्ही पांढऱ्या, शेजारीशेजारी ठेवलेल्या, वरची अक्षरं तेवढी निराळी. मी गॅसजवळ खाली बसून रडले. एरवी कधी इतकी रडले नव्हते. तू तैवानला गेलीस तर 'त्साय-लाय-मी' चं पीठ माग. तो आपल्यासारखा लांब, मोकळा तांदूळ, त्याच्या पिठाचे मोदक उभे राहतात.

त्यानंतर अकरा दिवसांनी त्यांचा चंद्रोत्सव आला. आमांनी चंद्राच्या दिवसाची गोल मिठाई आणून दिली. मी "नको नको" म्हटलं, त्यांनी पुन्हा पुढे केली, मी पुन्हा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली. आपल्याकडे पाहुण्याला वाढताना होतं तेच. मी परतफेड म्हणून गुहागरहून नेलेला जवळा दिला, भीतभीत, वासाची काळजी करत. त्यांनी पिशवीत नाक घातलं आणि चेहरा उजळला. "हे-बी!" म्हणाल्या. सुकी कोळंबी. त्यांच्याही फोडणीत ती रोज पडे. त्या दिवसापासून आमा जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "चिया-पा-बुए?" जेवलीस का? माझी आईसुद्धा तिसऱ्या प्रहरी अंगणात कुणीही दिसलं तरी हेच विचारायची.

हा प्रश्न लक्षात ठेव, कारण तो तुला तिन्ही गावांत ऐकू येऊ शकतो. होक्कियेन ही मुळात शियामेनच्या आसपासच्या किनाऱ्याची बोली. तिथले लोक होड्या घेऊन तैवानला गेले, पेनांगला गेले, सिंगापूरला गेले. त्यांच्याबरोबर त्यांची मात्सू देवीही गेली. फुच्येन प्रांतातल्या मेइचौ बेटावरची ही मुलगी, इ. स. ९६० ची म्हणतात, समुद्रात अडकलेल्यांना वाचवणारी. काओश्युंगसमोरच्या छीचिन बेटावर तिचं १६७३ चं देऊळ आहे. मी नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन फेरीबोटीने तिथे जायचे. आता दाभोळ-धोपावे फेरीत बसले की मला हटकून तीच बोट आठवते. सिंगापूरला तेलोक आयर रस्त्यावर पुन्हा तीच देवी भेटली.

आता तुझी तीन गावं.

सिंगापूर आधी उरकते, कारण तिथे तुला सगळ्यात कमी त्रास होईल आणि माझ्या मते तुझं नुकसानही तिथेच सगळ्यात जास्त होईल. आम्ही २००९ ते २०१६ तिथे होतो. इंग्रजीवर सगळं चालतं. सेरंगून रस्त्यावर कढीपत्ता मिळतो, तेक्का बाजारात सुरमई मिळते, महाराष्ट्र मंडळाचा गणपती असतो. मुलीला सरकारी शाळेत जागा मिळाली तर मातृभाषा म्हणून हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू किंवा तमिळ घेता येईल. मराठी त्या यादीत नाही, आमच्या धाकटीने हिंदी घेतली. पण तू नवऱ्याच्या व्हिसावर जाशील. मे २०२१ पासून तशा बायकांना काम करायचं तर स्वतःचा वेगळा परवाना काढावा लागतो. "मीही तिथेच काहीतरी बघीन" असं तू लिहिलंस. हे वाक्य लिहून तीन-चार वर्षं घरात बसलेल्या, तुझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या मुली मी तिथे पाहिल्या. तुझ्या हातात दोन होकार आहेत. ते टाकून जाऊ नकोस.

शियामेनचं विद्यापीठ मोठं आणि जुनं आहे. १९२१ साली तान का की या सिंगापूरच्या व्यापाऱ्याने आपल्या मूळ गावावरच्या मायेने ते उभारलं, आणि समुद्रविज्ञानात त्याचं नाव आहे. विद्यापीठाला लागूनच नानफूथुओ हे बौद्ध देऊळ आहे, तिथल्या शाकाहारी भोजनगृहात तुझा नवरा आनंदाने जेवेल. हवा आपल्यासारखी. शहर म्हणून मला शांघायपेक्षा ते कितीतरी आवडलं. आम्ही २००३ ते २००८ शांघायला होतो, त्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगते. भाड्याच्या घरात उतरलीस की चोवीस तासांत पोलीस चौकीवर नोंद करायची, बाहेरगावी जाऊन आलीस की आठवणीने विचारायचं. यात अपमान मानू नकोस, तिथला तो रिवाजच आहे. दुसरी गोष्ट फोनची, आणि ती मला जास्त टोचते. व्हॉट्सॲप तिकडे २०१७ पासून बंद. गूगल बंद, म्हणजे तू रोज उघडतेस ते गूगल स्कॉलरही बंद. तिकडचं वीचॅट आपल्या सरकारने जून २०२० मध्ये बंद केलं. म्हणजे रत्नागिरीच्या आजीला नात बघायची तर दोन्ही बाजूंनी दार लावलेलं. लोक आडवाटा काढतात, तूही काढशील. पण चार वर्षांची मुलगी फोनवर आजीचा चेहरा रोज न बघता आजीला विसरते, हे मी माझ्या थोरलीच्या बाबतीत पाहिलंय. आमच्या वेळी तर मिनिटावर पैसे मोजायचो.

कीलुंगला मी राहिले नाही, पण पुष्कळदा गेले. तैपेईहून रेल्वेने पाऊण तास. त्याला पावसाचं बंदर म्हणतात ते खरं आहे. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. कीलुंगचा हिवाळ्यात झिमझिमतो आणि झिमझिमतच राहतो. पायताणांना बुरशी येते, चादरी ओलसर राहतात. ओल शोषणारं यंत्र तिथे घरोघरी असतं, ते पहिल्या आठवड्यात घे. आगोटीची बेगमी करणाऱ्या घरातली मुलगी तू, तुला हे कुणी शिकवायला नको. पण सूर्य नसला की मन खचतं, आणि पुण्यात रडत होतीस हे तूच लिहिलंस, म्हणून बजावते. जानेवारीत रजा काढून आठवडाभर दक्षिणेला जात जा, काओश्युंगला त्या दिवसांत लख्ख ऊन असतं.

तरीही माझं मत कीलुंगच्या बाजूने आहे. तुझा विषय तिथे मातीत आहे. १९६८ साली ल्याव इ-च्यू यांनी तैवानच्या तुंगकांगला टायगर कोळंबीची कृत्रिम पैदास करून दाखवली, त्यावर वीस वर्षं तिथली गावं श्रीमंत झाली, आणि १९८७-८८ मध्ये रोगाने सगळं कोसळलं. मी फिंगतुंगच्या किनाऱ्यावरची ती गावं पाहिली आहेत. तळ्यांसाठी इतकं भूजल उपसलं की जमीनच खाली बसली. काही घरांच्या खिडक्या आता रस्त्याच्या पातळीला आल्यात. आपल्या खाड्यांच्या काठी कोळंबीची तळी खणली जातायत, तेव्हा ते डोळ्यांनी पाहिलेली मुलगी कोकणात परत यावी असं मला फार वाटतं.

शाकाहारी माणसाला तैवानइतकी सोय त्या मुलखात दुसरीकडे क्वचित मिळेल. पाकिटबंद शाकाहारी खाण्यावर ते कुठल्या प्रकारचं ते छापावंच लागतं: अंड्याचं, दुधाचं, कांदा-लसणाचं, की काहीच नसलेलं. कित्येक शाकाहारी खानावळींच्या पाटीवर स्वस्तिक असतं, आपल्यापेक्षा उलट फिरणारं. नवऱ्याला तीन शब्द पाठ करायला लाव, "वो छ्र सू", मी शाकाहारी आहे. मात्र साध्या हॉटेलात भाजीचा रस्सा हाडांच्या पाण्यात शिजलेला असू शकतो, तिथे जाऊच नये.

मुलीची चिंता करू नकोस. तैवानात मुलांना अक्षरांआधी ३७ चिन्हांची बाराखडी शिकवतात: बो-पो-मो-फो ओठांचे, मग जिभेच्या टोकाचे, मग कंठाचे. आपल्या क-च-ट-त-प सारखेच गट. आणि मराठी जिभेला एक देणगी आहे, ती इंग्रजी बोलणाऱ्यांकडे नाही. मँडरिनमध्ये प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला फरक हवेच्या झोताचा, तो आपण पाळण्यात शिकतो. 'चंद्र' मधला च वेगळा आणि 'चांदणं' मधला वेगळा, हे दोन्हीही तिकडे लागतात. सूर तेवढे शिकायचे. तुझ्याआधी मुलगी शिकेल आणि तुला दुरुस्त करील. करू दे.

प्रयोगशाळेत गेलीस की आधी तुझ्यापेक्षा वरच्या वर्षाची मुलगी शोध. तिला 'शुए-च्ये' म्हणतात, अभ्यासातली थोरली बहीण. ताई म्हटलं की आपल्याकडे जशी जबाबदारी अंगावर येते तशीच तिच्यावरही येते. बँक, सिमकार्ड, बालवाडी, ही सगळी कामं तिच्या ओळखीने होतील. आणि प्राध्यापक "बघू या पुढे" म्हणाले तर ते बहुतेक नाही असतं. कोकणात वाढलेल्याला 'बघू' चा अर्थ सांगायला नको.

राहिला नवरा. तैवानात २०१८ पासून गोल्ड कार्ड नावाचा परवाना मिळतो, त्यावर नोकरी हातात नसतानाही जाऊन काम शोधता येतं. त्याचा अनुभव आणि पगार त्या अटींत बसतो का, हे आजच बघायला सांग. तो सिंगापूरला आणि तू मुलीला घेऊन कीलुंगला, असा तोडगा घरात कुणी सुचवील. आम्ही २००८ मध्ये एक वर्ष तसं काढलं. तो तोडगा स्वीकारू नकोस. निरक्षर होऊन जगायचं वर्ष दोघांनी मिळून काढावं. एकाने पाटी वाचावी, दुसऱ्याने माणसाचा चेहरा वाचावा, तेव्हा कुठे संध्याकाळी घरात बरोबर पीठ येतं.

निघण्याआधी एकदा पहाटे मिरकरवाड्याला किंवा हर्णैला लिलाव डोळे भरून बघून घे. कीलुंगला खानजायतिंग म्हणून मासळीचा घाऊक बाजार आहे, मध्यरात्री भरतो आणि उजाडता उजाडता उठतो. पहिल्या महिन्यात झोप येणार नाहीच, तेव्हा तिथे जा. बोलण्यातलं काही कळणार नाही, पण चाललंय काय ते सगळं कळेल.

•

काकू, माझा मुलगा चीनमध्ये हूपेइ प्रांतात एम.बी.बी.एस.ला आहे. सप्टेंबरात गेला तेव्हा रोज फोटो पाठवायचा. आता जानेवारी आला, फोनवर हं-हं एवढंच बोलतो. काल म्हणाला, "आई, मला परत यायचंय." त्याचे वडील म्हणतात, एवढा खर्च केलाय, सहन कर म्हणावं. काय करू?

— एक आई, चिपळूण

ताई, तुमच्या पत्रातला 'जानेवारी' हा शब्द मी दोनदा वाचला. चीनमध्ये छिन पर्वत आणि ह्वाय नदी यांची एक रेषा धरलेली आहे. तिच्या उत्तरेच्या शहरांत घरं गरम ठेवायची सार्वजनिक व्यवस्था असते, दक्षिणेला नसते. हूपेइतली बहुतेक शहरं या रेषेच्या दक्षिणेला येतात. थंडी मात्र शून्याच्या आसपास जाते आणि हवा ओली असते. चिपळूणच्या मुलाने जन्मात स्वेटर दोन महिन्यांच्या वर घातला नसेल. तो वसतिगृहात बोटं गारठलेली घेऊन शरीररचना पाठ करतोय. त्यातून वसंतोत्सव, म्हणजे चिनी नववर्ष, जवळ आला की तिथले विद्यार्थी गावी जातात, खानावळी बंद होतात, इमारत रिकामी होते. माझा शांघायचा पहिला हिवाळा असाच गेला, आणि मी तर नवऱ्या-मुलींसह होते.

तेव्हा आधी त्याला पैसे पाठवा आणि नेमकं सांगा: विजेवर तापणारी सतरंजी वसतिगृहात चालते का ते विचार, चालत नसेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी घे, अंगाला चिकटणारे आतले कपडे घे. गरम पाणी तिकडे जिथे तिथे मिळतं, लोक दिवसभर तेच पितात. त्यालाही प्यायला सांगा.

कालेर्व्हो ओबेर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ साली ब्राझीलमध्ये भाषण देताना परदेशी गेलेल्या माणसाच्या मनाचे टप्पे मांडले होते. आधी सगळं छान वाटतं, मग सगळ्याचा राग येतो, मग हळूहळू पाय टेकतात. तुमच्या मुलाचे फोटो पहिल्या टप्प्यातले होते, हं-हं दुसऱ्यातलं आहे. हे त्याला सांगू नका. या वेळी आपलं दुःख पुस्तकात आहे हे ऐकून कुणालाच बरं वाटत नाही. हे तुमच्यासाठी आहे, आणि त्याच्या वडिलांसाठी.

"सहन कर" म्हणू नका, आणि "ये परत" असंही आज म्हणू नका. "परीक्षा झाली की सुट्टीला ये, मग बसून ठरवू" म्हणा, आणि तिकिटाचे पैसे खरंच बाजूला काढा. दार उघडं आहे हे कळलं की मुलं पुष्कळदा थांबतात. रोज "कसा आहेस" विचारू नका, त्याला उत्तर हं हेच असतं. "आज काय जेवलास" विचारा. तो जेवत नसेल, झोपत नसेल, वर्गात जात नसेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर मात्र खर्चाचा हिशोब न करता वडिलांनी स्वतः जाऊन त्याला घेऊन यावं. २०२० मध्ये बंद पडलेली थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली आहेत.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते आपण अभिमानाने सांगतो. पण ते सत्तावीस वर्षांचे, शिकून झालेले डॉक्टर होते आणि चार सहकाऱ्यांबरोबर गेले होते. तुमचा मुलगा एकटा आहे. त्याच्यासमोर हे उदाहरण देऊ नका.

•

आमचं तारकर्लीला न्याहारी-निवास आहे, चार खोल्यांचा. मुलाचे तैवानचे साहेब सपत्नीक येतायत. पाहुणचारात काय सांभाळावं? भेट काय द्यावी?

— एक वाचक, तारकर्ली

चार नंबरची खोली देऊ नका. त्यांच्या भाषेत 'चार' आणि 'मृत्यू' यांचा उच्चार जवळजवळ एकच. भेट म्हणून घड्याळ नको, छत्री नको, त्या शब्दांचेही उच्चार अंत्यविधी आणि ताटातूट यांच्याजवळ जातात. पांढऱ्या कागदात काही बांधू नका. सावंतवाडीची लाकडी फळांची परडी लाल कागदात बांधून दोन्ही हातांनी द्या. ते दोनदा नको म्हणतील, तिसऱ्यांदा घेतील. भाताच्या वाटीत चमचा उभा खोचून ठेवू नका, मेलेल्या माणसापुढे उदबत्ती खोचतात तसं ते दिसतं. सोलकढी द्याच, पण गार पाण्याऐवजी खोलीत गरम पाण्याचा थर्मास भरून ठेवा. आणि पहिल्या दिवशी त्यांचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असेल. ते चार-साडेचारलाच जागे होतील, तेव्हा मागच्या दाराची किल्ली रात्रीच त्यांच्याकडे देऊन ठेवा, म्हणजे रापण ओढायला येणाऱ्यांच्या आधी त्यांना समुद्रावर जाता येईल.